कॉमेट का फुटलं: खिडक्या, रिव्हेटची भोकं आणि एक फसवी चाचणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५३-५४ च्या वृत्तपत्रांची कात्रणं चाळली तर कॉमेट या ब्रिटिश जेट विमानाच्या अपघातांची कारणं दर बातमीत वेगळी दिसतात: कधी वादळ, कधी इंजिनाचा स्फोट, कधी घातपाताचा संशय. आज मात्र जिकडेतिकडे एकच वाक्य ऐकू येतं, 'खिडक्या चौकोनी होत्या म्हणून विमानं फुटली.' यात खरं किती? आणि एवढ्या चाचण्या होऊनही ही गोष्ट सुटली कशी?

पहिल्याचं उत्तर: अर्धवट खरं. दुसऱ्याचं उत्तर जास्त कामाचं आहे. कॉमेटच्या केबिनची चाचणी त्या काळच्या नियमांपेक्षा कडक होती. ती कडक होती म्हणूनच तिने चुकीचं उत्तर दिलं. हे नीट कळलं की बाकीच्या बातम्या आपोआप जागेवर बसतात.

आधी कात्रणांची वर्गवारी करून घ्या, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. कॉमेटचे पाच अपघात एका माळेत ओवले जातात, पण त्यांतले दोनच केबिन फुटण्याचे आहेत. २६ ऑक्टोबर १९५२ ला रोमच्या चांपिनो विमानतळावर विमान उचललंच गेलं नाही. माणसं वाचली. ३ मार्च १९५३ ला कराचीत कॅनेडियन पॅसिफिकचं नवं कॉमेट तसंच धावपट्टीवरून पुढे गेलं, त्यात ११ जण गेले. हे दोन्ही अपघात उड्डाण घेतानाचे. नाक गरजेपेक्षा वर उचललं गेलं की त्या पंखाचा उचल कमी पडून अडथळा इतका वाढायचा की विमान वेगच पकडत नसे. पुढे पंखाची पुढची कड बदलून तो दोष काढला. २ मे १९५३ ला कलकत्त्याच्या दमदमहून दिल्लीकडे निघालेलं विमान काही मिनिटांतच वादळात मोडून पडलं, ४३ जण गेले. लंडन ते जोहान्सबर्ग ही जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली तो दिवस २ मे १९५२, म्हणजे बरोबर वर्ष झालं होतं. भारतात झालेल्या चौकशीत वादळी झोतांचा भार आणि त्यात झालेलं सांगाड्याचं मोडणं हेच कारण निघालं. बंगालातल्या वैशाखातल्या वादळाची ज्याला कल्पना आहे त्याला ते पटायला अवघड नाही. पण याचा एक तोटा झाला: 'हवेत मोडलं' या घटनेला एक समाधानकारक कारण मिळालं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

उरले दोन. १० जानेवारी १९५४ ला सिंगापूरहून लंडनला चाललेलं बीओएसी या ब्रिटनच्या सरकारी विमान कंपनीचं, जी-एएलवायपी या नोंदणी क्रमांकाचं कॉमेट रोमहून निघाल्यावर एल्बा बेटाजवळ साधारण २६-२७ हजार फुटांवर फुटलं, ३५ जण गेले. ८ एप्रिल १९५४ ला रोमहून कैरोला निघालेलं जी-एएलवायवाय नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात गेलं, २१ जण गेले. केबिनच्या धातूला आलेला थकवा, ज्याला कारखान्यात सगळे फटीगच म्हणतात, तो या दोघांचा विषय. यापुढे मी याच दोघांबद्दल बोलतो.

आता त्या पत्र्यावर काय येत होतं ते पाहू. त्या वेळची पंख्याची विमानं फार तर वीस-पंचवीस हजार फुटांवर उडत. कॉमेट ३५ ते ४० हजारांवर उडे, कारण त्याची घोस्ट नावाची जेट इंजिनं तिथेच परवडत. बाहेर हवा इतकी विरळ, आणि आत प्रवाशांना ८,००० फुटांवरच्या हवेइतकं ठेवायचं. म्हणजे आतबाहेरच्या दाबातला फरक चौरस इंचाला ८.२५ पौंड. आपल्या मापात सांगायचं तर केबिनच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून जवळजवळ ५.८ टनांचा रेटा. त्या काळच्या इतर प्रवासी विमानांपेक्षा बराच जास्त.

हा रेटा पेलणारा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, २२ आणि २० गेजचा: ०.७१ आणि ०.९१ मिलिमीटर. पोस्टकार्डं तीन-चार एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढीच. वजन वाचवणं भागच होतं, कारण सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद कमी आणि इंधनाची भूक मोठी. नळीचं गणित सोपं असतं, दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. साधारण दीड मीटर त्रिज्या धरली तर सपाट, अखंड पत्र्यात चौरस इंचाला १४ ते १८ हजार पौंड ताण येतो. त्या मिश्रधातूची तुटण्याची ताकद ६५,००० पौंडांच्या घरात. म्हणजे अखंड नळी म्हणून काहीच वावगं नव्हतं.

पण विमान म्हणजे अखंड नळी नसते. तिला दार लागतं, खिडक्या लागतात, सुटकेची झडप (संकटात बाहेर पडायचं दार) लागते, छतावर रेडिओच्या अँटेनाला झरोका लागतो. पत्र्यातून वाहणारा ताण भोकापाशी आला की भोकाला वळसा घालून जातो, आणि वळणावर गर्दी होते. कोपऱ्याचा गोलावा जितका लहान तितकी गर्दी जास्त. कॉमेट बनवणाऱ्या दी हॅविलंड कंपनीच्या अभियंत्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजणं चूक आहे. खिडक्यांचे कोपरे काटकोनी नव्हतेच, गोल केलेले होते आणि भोवती मजबुतीची पट्टी होती. त्यांच्या हिशेबाने कोपऱ्यापाशी सरासरी २८,००० पौंड ताण येत होता, म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या निम्म्याहून कमी. शब्द 'सरासरी' लक्षात ठेवा. फटीगची भेग सरासरी बघून पडत नाही, ती सगळ्यात वाईट ठिपका शोधते. नंतर इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत प्रत्यक्ष मोजमापं घेतली तेव्हा कडेजवळ ४०,००० च्या वर ताण निघाला, उड्डाणातले इतर भार धरून तुटण्याच्या ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आसपास. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की ताण दहा टक्के वाढला तरी आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. इथे तर दीडपट वाढलेला होता.

मग चाचणीत हे दिसलं का नाही? इथे जरा थांबू.

त्या वेळचा नियम सांगे की केबिनने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब एकदा सोसला पाहिजे. कंपनीने स्वतःहून आणखी वरची मर्यादा धरून आराखडा केला. केबिनचा नाकाकडचा भाग घेऊन त्यावर १९४९ ते १९५१ च्या दरम्यान कामाच्या दाबापासून दुप्पट दाबापर्यंत, म्हणजे १६.५ पौंडांपर्यंत, तीसेक वेळा दाब चढवला. मग कामाच्या दाबापेक्षा जरा वर सुमारे २,००० वेळा. पुढे १९५३ च्या उन्हाळ्यात, फटीगची चर्चा वाढल्यावर, तोच भाग पुन्हा काढून त्याला आणखी १६,००० वेळा दाब दिला. एकूण १८,००० झाल्यावर तो एका खिडकीच्या कोपऱ्यातून फाटला. विमानाला आयुष्यभरात १०,००० उड्डाणं करायची आहेत असं धरलं तर १८,००० म्हणजे सुखाने झोपण्याइतका आकडा.

चूक 'तोच भाग' या दोन शब्दांत आहे. दुप्पट दाब दिला तेव्हा कोपऱ्याच्या भोकांपाशी पत्रा लवचीकतेच्या हद्दीबाहेर ताणला गेला आणि कायमचा किंचित लांबला. आजूबाजूचा पत्रा मात्र हद्दीतच होता. दाब काढल्यावर आजूबाजूचा पत्रा आपल्या मूळ मापाला परत आला आणि त्याने मधल्या लांबलेल्या धातूला चहूबाजूंनी दाबून धरलं. आता केबिनमध्ये हवेचा दाब नसतानाही त्या ठिकाणचा धातू दाबलेला आहे. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात येणारा ताण आधी ही दाबलेली अवस्था संपवणार आणि मगच भेगेला ओढणार. म्हणजे नमुन्यावर नकळत औषधोपचार झाला होता. आज भोकांच्या कडा मुद्दाम किंचित फुगवून हाच परिणाम साधला जातो, फटीगचं आयुष्य वाढवायला.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाला मात्र ११ पौंडांचा दाब एकदाच दिला जाई. तेवढ्याने हा फायदा फारसा मिळत नाही. थोडक्यात, चाचणीतला नमुना आणि आकाशातलं विमान दिसायला एक, पण कोपऱ्यातल्या धातूची अवस्था दोघांची वेगळी. ताकदीची चाचणी आणि थकव्याची चाचणी एकाच नमुन्यावर, तीही याच क्रमाने केली की उत्तर हमखास चुकीच्या बाजूला जातं. या क्षेत्रात नवीन येणाऱ्याला हे एक प्रकरण नीट समजावलं तर बाकी अर्धं पुस्तक वाचलं नाही तरी चालेल.

आता जानेवारी ते एप्रिल १९५४ ची कात्रणं पुन्हा वाचा. एल्बाच्या अपघातानंतर बीओएसीने दुसऱ्याच दिवशी सगळी कॉमेट स्वतःहून जमिनीवर आणली. अवशेष समुद्रात, पुरावा नाही. तज्ज्ञांनी संशयितांची यादी केली: आग, इंजिनाच्या टर्बाइनची पाती तुटून बाहेर येणं, विमान वळवणाऱ्या हलत्या भागांची थरथर, पंखांचा थकवा, घातपात. पंखांचा थकवा यादीत होता, केबिनचा थकवा जवळजवळ नव्हता. कारण? १८,००० चा आकडा. मग जवळपास साठ सुधारणा केल्या, इंजिनाभोवती चिलखती पत्रे बसवले, आणि २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू केली. सोळा दिवसांत दुसरं विमान गेलं. साठ दारांना कड्या घातल्या आणि चोर एकसष्टाव्यातून आला. १२ एप्रिलला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्रच काढून घेतलं.

या घाईमागची परिस्थितीही समजून घेतली पाहिजे. युद्ध जिंकूनही ब्रिटन कर्जात होता, डॉलरची टंचाई होती. अमेरिकी विमानं विकत घ्यायला पैसा नव्हता आणि स्वतःची विकायला कॉमेटसारखं दुसरं काही नव्हतं. ऑक्टोबर १९५२ मध्ये खुद्द अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने पुढच्या मोठ्या कॉमेटची मागणी नोंदवली होती. मांसावरचं रेशनिंग तिथे उठलं ते ४ जुलै १९५४ ला, म्हणजे फार्नबरोच्या चाचणीच्या टाकीत (ती पुढे येतेच) कॉमेट फाटल्यानंतर दहा दिवसांनी. एकाच पंधरवड्याच्या बातम्या आहेत या. रेशनची पुस्तकं बाळगणाऱ्या देशाने जगाच्या दहा वर्षं पुढचं विमान काढलं होतं. ते उभं ठेवणं किती जड गेलं असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. आपल्याकडेही ते विमान अनोळखी नव्हतं: ऑगस्ट १९५२ पासून कोलंबोला जाताना ते मुंबईला उतरे. जुलै १९५३ मध्ये तर एक कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरलं आणि नऊ दिवसांनी तिथून उडालं. याचा फटीगशी काही संबंध नाही, पण मुंबईची कात्रणं शोधणाऱ्याला ही बातमी भेटणारच.

तपास सर अर्नॉल्ड हॉल यांच्या हाताखाली फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटकडे गेला. त्यांनी दोन वाटा एकदम धरल्या.

पहिली वाट टाकीची. सेवेतलंच एक कॉमेट, जी-एएलवाययू, उचलून मोठ्या टाकीत बसवलं. पंख टाकीच्या भिंतीतून रबरी सीलमधून बाहेर काढले, त्यांना हायड्रॉलिक जॅकनी वाकवायची सोय केली. टाकी पाण्याने भरली, केबिनही पाण्याने भरली. केबिनमध्ये थोडं जास्त पाणी पंपाने ढकललं की दाब चढतो, सोडलं की उतरतो. कित्येक तासांचं एक उड्डाण काही मिनिटांत उरकतं. पाणीच का, हवा का नाही? हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. केबिन फाटली तर ती सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते, नमुन्याच्या चिंध्या होतात आणि पहिली भेग कुठे पडली ते शोधायला काही उरत नाही. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. पत्रा जरा उघडला की दाब पडतो, फाटणं थांबतं, पुरावा जागच्या जागी. नमुना दुरुस्त करून चाचणी पुढेही चालवता येते, आणि तशी चालवलीही. पाणी आत आणि बाहेर दोन्हीकडे असल्याने त्याचं वजन पत्र्यावर येत नाही.

त्या विमानाने आधी खरी १,२२१ उड्डाणं केली होती. टाकीत १,८३६ फेरे झाले आणि २४ जून १९५४ ला सुटकेच्या झडपेच्या चौकटीच्या कोपऱ्यातून भेग निघून केबिन फाटली. एकूण ३,०५७. अठरा हजारांच्या जागी तीन हजार.

आता या आकड्याशेजारी दुसरे दोन ठेवा: एल्बाचं विमान साधारण १,२९० उड्डाणांनंतर गेलं, नेपल्सचं ९०० नंतर. एकाच आराखड्याची, एकाच कारखान्यातली तीन विमानं, आणि आयुष्यात तिपटीहून जास्त फरक. यात गूढ काही नाही, फटीगचा स्वभावच हा. भेग कुठल्या भोकाच्या कुठल्या ओरखड्यापासून सुरू होईल हे प्रत्येक विमानात वेगळं. म्हणून चाचणीत एक नमुना ३,००० फेरे टिकला, तर ३,००० पर्यंत विमान उडवायचं असा अर्थ होत नाही. त्या आकड्याला बऱ्यापैकी मोठ्या संख्येने भागूनच सुरक्षित आयुष्य ठरवावं लागतं.

दुसरी वाट समुद्रातली. नौदलाने एल्बाजवळ शंभर मीटरहून खोल पाण्यात टीव्ही कॅमेरे सोडून अवशेष शोधले आणि वर काढले. फार्नबरोला सांगाड्यावर एकेक तुकडा जागेवर बसवत गेले. डाव्या पंखावर ओरखडे होते आणि त्यांत केबिनच्या रंगाचे कण. केबिन फुटली तेव्हा पंख जागेवर होता, हे त्यावरून ठरलं. फुटण्याचा क्रम असाच लावायचा असतो: कुणाचे डाग कुणावर आहेत ते बघायचं.

मग ऑगस्टमध्ये छताचा तो तुकडा मिळाला. त्यात दिशादर्शक रेडिओच्या अँटेनासाठी पाडलेले दोन झरोके आहेत, एकापाठोपाठ एक. मागच्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ बोल्टचं एक भोक, डोकं पत्र्यात सपाट बसावं म्हणून वरून निमुळतं कापलेलं. एक मिलिमीटरहून पातळ पत्र्यात असं निमुळतं भोक पाडलं की खालच्या बाजूला सुरीसारखी पातळ धार उरते. भेग त्या कडेवरून निघाली होती. तुटलेल्या कडेचा थोडा भाग गुळगुळीत, बारीक रेघांचा, म्हणजे फेऱ्याफेऱ्याने सरकलेला. त्यापुढचा सगळा खरबरीत, एका झटक्यात फाटलेला. कापडाच्या दुकानात ताग्याच्या कडेला कात्रीने इवलासा काप देतात आणि मग दोन हातांनी टर्रकन फाडतात, तसंच. कात्रीचं काम हजार उड्डाणांनी केलं, हाताचं काम आतल्या दाबाने.

भोकं कशी पाडली यालाही महत्त्व आहे. ड्रिलने पाडून रीमरने साफ केलेल्या भोकाची कड सुबक असते. पंचाने ठोकून पाडलेल्या भोकाची कड फाटलेली, तिच्यात सूक्ष्म तडे आधीच तयार. आणखी एक रीत तेव्हा सर्रास होती: कारखान्यात पत्र्याला बारीक भेग पडलेली दिसली तर तिच्या टोकाशी छोटं भोक पाडून ती तिथेच अडवायची. कमी ताणाच्या जागी ही युक्ती चालते. खिडकीच्या कोपऱ्यात ती भेगेला नवं घर देते.

तर चौकोनी खिडक्या? कोपऱ्याचा गोलावा मोठा असता तर गर्दी कमी झाली असती, हे खरं. पण एल्बाचं विमान प्रवाशांच्या खिडकीतून फुटलं नाही. टाकीतलं झडपेच्या चौकटीतून फाटलं. नेपल्सचं विमान फार खोल पाण्यात गेलं, ते वर काढता आलं नाही, त्याचा निष्कर्ष सारखेपणावरून काढलेला आहे. दोष एका आकाराचा नव्हता. पातळ पत्रा, जास्तीचा दाबफरक, कोपऱ्यातला न मोजलेला शिखर-ताण, भोकांच्या कडा, आणि भेग निघाल्यावर तिला अडवणारं मध्ये काहीच नसणं, हे सगळं एकत्र आलं. शेवटचा मुद्दा बातम्यांत सापडत नाही, पण माझ्या मते तो सगळ्यात घातक. पुढच्या पिढीच्या विमानांत पत्र्याखाली ठराविक अंतरावर पट्ट्या दिल्या, म्हणजे भेग पट्टीपाशी येऊन थांबते किंवा वळते, दाब हळूहळू निघून जातो आणि वैमानिकाला खाली यायला वेळ मिळतो.

लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखालची सरकारी चौकशी १९ ऑक्टोबर १९५४ ला सुरू झाली, अहवाल १९५५ च्या फेब्रुवारीत आला. त्यानंतर चाचणीची पद्धत बदलली: ताकदीच्या चाचणीला एक संपूर्ण विमान आणि थकव्याच्या चाचणीला दुसरं, आधी कधीही जास्त दाब न दिलेलं. जाड पत्र्याचं आणि नव्या खिडक्यांचं कॉमेट ४ तयार झालं आणि ४ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटिक ओलांडणारी पहिली जेट सेवा त्यानेच सुरू केली. तीन आठवड्यांनी पॅन ॲमचं बोइंग ७०७ आलं, प्रवासी कितीतरी जास्त नेणारं. बाजार तिकडे गेला.

छताचा तो तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. गेलात तर कोपऱ्यांपेक्षा मागच्या झरोक्याच्या कडेची भोकं पाहा. या दोन झरोक्यांना काच नव्हतीच, त्यातून बाहेर बघायची कुणाला सोयही नव्हती.